दादाला मारलेली हाक

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही. पैज लावते.

माझ्या नवऱ्यानं शेवटपर्यंत मानली नाही. ज्या डॉक्टरच्या डोळ्यांदेखत घडली त्यानंही मानली नाही. आणि आत्ता माझ्या अंगणात नव्या नाटकमंडळीतल्या पोरी बसल्या आहेत, त्या तर मी तोंड उघडायच्या आधीच एकमेकींना कोपरं मारून हसतायत.

हसा. पण हे घडलंय. माझ्या अंगावर घडलंय.

शंग तालुक्याच्या डोंगरात शांगव्हू नावाचं गाव आहे. त्या गावच्या पूर्वजांच्या सभागृहात लाकडी रंगमंच आहे. तिथे घडलं.

आणि रात्र नव्हती बरं का. भर दुपार होती. दुपारचा खेळ होता. बाहेर इतकं धुकं की सभागृहाच्या दारातून अंगणातली विहीर दिसत नव्हती.

"आजी, मागच्या खेपेला तुम्ही पाऊस म्हणाला होतात," यिंग-लू म्हणाली. ही पोरगी विदूषक करते. जिभेला हाड नाही.

"डोंगरात पाऊस आणि धुकं एकच. गप ऐक."

आमची मंडळी फक्त बायकांची. राजा बाई, दरोडेखोर बाई, प्रियकरही बाईच. पुरुष काय ते वाद्यांपुरते. नगाऱ्यावर म्हातारे काका, त्यांचं आडनावच 'हे', आणि एक बासरीवाला.

मी नायिका. आणि माझा नायक... दादा.

खेळ फुलपाखरांचा. तो कुणाला माहीत नाही? मुलगी मुलाचे कपडे घालून शिकायला जाते. तिथे एक विद्यार्थी भेटतो. दोघं भाऊभाऊ म्हणून शपथ घेतात. ती त्याला दादा म्हणते, तो तिला धाकट्या. वर्षानुवर्षं एका खोलीत राहून त्या शहाण्याला कळत नाही की ही मुलगी आहे. कळतं तेव्हा तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं असतं. तो झुरून मरतो. ती नवरीच्या वेशात त्याच्या थडग्यापाशी उतरते, रडते, थडगं दुभंगतं, ती आत उडी घेते. आणि दोन फुलपाखरं बाहेर येतात.

परकरी वयापासून मी धाकट्या आणि ती दादा. त्यामुळे सगळी मंडळी तिला दादाच म्हणायची. खेळातही, नदीवर कपडे धुतानाही. "दादा, तुझी वेणी सुटली." "दादा जेवली का?" बाहेरचे लोक ऐकून हसायचे.

तिचं खरं नाव?

कुणालाच माहीत नव्हतं. ती होडीवाल्यांची पोर. कुणीतरी लहानपणी मंडळीच्या दारात आणून सोडली होती. घरचं नाव विचारलं की म्हणायची, "घरचं नाव घरच्यांनी घ्यायचं." आणि घरचं असं तिला कुणी नव्हतं.

ही नावाची गोष्ट लक्षात ठेवा. सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

मग जुने खेळ बंद झाले. वरून हुकूम. मी चहाच्या मळ्यात पानं खुडली, तिला चुन्याच्या भट्टीवर धाडलं. बंदी उठली तेव्हा आम्ही पुरलेल्या रांजणांतून पोशाख बाहेर काढले. पोशाखांना कसर लागली होती आणि दादाच्या छातीत चुना बसला होता. आवाज मात्र होता. फाटलेला, खाली उतरलेला, पण असा की ऐकून बायका आधीपेक्षा जास्त रडायच्या.

शांगव्हूला निघायच्या सकाळी तिच्या रुमालावर मी रक्त पाहिलं.

"दादा, आज नको जाऊस," मी म्हणाले. "आधी दवाखाना."

"एवढा एक खेळ होऊ दे."

"मरशील."

"मग काय, रोज मरतेच की. तुझ्यासमोर मरते. तुला अजून सवय झाली नाही?"

असं बोलायची. हसत.

आता आमच्या धंद्यातला एक नियम सांगते. रंगमंचावर जी मेली, तिला आत आल्याबरोबर कुणीतरी घरच्या नावानं हाक मारायची. तिनं ओ द्यायची. मगच तोंडावरचा रंग धुवायचा. पात्राच्या नावानं हाक मारायची नाही. चुकूनही नाही. कारण ते पात्र मेलेलं असतं... आणि मेलेला ऐकतो.

दादाला तर घरचं नावच नाही. म्हणून आमच्या मालकीणबाई, तुंग मावशी, तिच्या पाठीत धपाटा घालायच्या. "ऊठ गं मेले, भात गार होतोय!" दादा म्हणायची, "ओ." इतकी वर्षं तेवढ्यावर भागलं होतं.

त्या दिवशी सभागृह भरलेलं. सगळ्या म्हाताऱ्या, मांडीवर पितळी हातशेगड्या घेऊन, सूर्यफुलाच्या बिया फोडत. पहिलं बाकडं रिकामं. ते पूर्वजांसाठी सोडतात.

दादाचा मरणाचा प्रवेश आला. त्यात ती खोकते आणि बाहीतून लाल रेशमी रुमाल काढते. रक्त म्हणून.

त्या दिवशी तिनं रुमाल काढला... तो पांढरा होता.

आणि मग लाल झाला.

बिया फोडायचा आवाज थांबला. एकदम. सगळ्या सभागृहात.

ती शेवटची ओळ पूर्ण गायली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मग पडली. पडदा ओढला, आम्ही तिला उचलून पोशाखांच्या पेट्यांवर ठेवलं.

तुंग मावशींनी धपाटा घातला. "ऊठ गं मेले, भात गार होतोय."

काही नाही.

"ए मेले... ऊठ ना गं."

काही नाही. रंगाखालून ओठ निळे दिसत होते. मी तिचा हात धरला. तो हात जड लागत होता, भिजलेल्या कापडासारखा.

आणि माझं डोकं फिरलं.

"दादा!" मी ओरडले. "दादा, परत ये! मी इथे आहे! दादा!"

हे काकांच्या हातातली टिपरी हवेतच राहिली. पडद्याच्या कडेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरी... कुणाला हाक मारलीस तू?"

मी तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

मागच्या भिंतीला आमचं थडगं टेकवून ठेवलं होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर दगडासारखं रंगवलेलं कापड. रिकामं. त्याच्या आतून आवाज आला...

"आलो."

तरण्या पुरुषाचा आवाज.

बासरीवाला अंगणात चहा पीत होता. हे काका माझ्यासमोरच होते, ओठ मिटलेले.

"मग गावातला कुणीतरी असेल," यिंग-लू म्हणाली.

"असेल. गावातला कोण अडीच हात रुंदीच्या बांबूच्या पिंजऱ्यात शिरून बसला होता ते तू जाऊन विचारून ये."

गावच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टर कसला, सहा महिने शिकलेला शेतकरीच तो. त्यानं नाडी धरली. बराच वेळ धरून बसला.

"आहे," तो म्हणाला. "पण लांब आहे. खाली तालुक्याला न्यायला हवं. माणसं डोली बांधतायत. तोवर उबेत ठेवा आणि तिच्याशी बोलत राहा."

"काय नावानं बोलू?" मी विचारलं.

त्याला वाटलं मला वेड लागलंय.

मी तुंग मावशींना म्हटलं खेळ बंद करा. त्याही हो म्हणाल्या. तेवढ्यात गावचे थोरले आजोबा मागच्या जिन्यानं वर आले. काठी टेकत.

"बाई, असं करू नका. तुमचा दादा आमच्या सभागृहात मेलाय. सगळ्यांनी पाहिलंय. फुलपाखरं उडाली नाहीत तर तो जाणार कुठे? इथेच राहील. या छपराखाली आम्ही पोरांची लग्नं लावतो हो."

"आमची बाई खरंच मरतेय," तुंग मावशी म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो. त्याला जाऊ द्या. एक जाऊ दे, म्हणजे दुसरी राहील."

तुंग मावशींनी मान डोलावली.

ठरलं असं. मी थडग्यात उडी घ्यायची. दुसरं फुलपाखरू दादाऐवजी आ-माओनं व्हायचं. आ-माओ आमची विदूषक, अंगानं चांगली भरलेली. ती मागच्या झडपेतून थडग्यात शिरून पंख घेऊन थांबणार. दादाचे पंख तिच्या खांद्यात शिरेनात. "ताई, हे फुलपाखरू नाही, हे बदक होतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी नवरीचा लाल पोशाख घालून रंगमंचावर गेले.

तो विलाप तुम्ही ऐकलाय. प्रत्येक ओळ कशानं सुरू होते?

"दादा," पोरी एका सुरात म्हणाल्या.

हं. मी पहिली ओळ उचलली. "दादा..."

थडग्याचं कापड आतून हललं. कुणी श्वास घ्यावा तसं.

पडद्यामागून डॉक्टरचा आवाज आला. "नाडी उतरली."

मी दुसरी ओळ उचलली. "दादा..."

कापड पुन्हा हललं. या खेपेला जास्त.

"अजून उतरली! काय करताय तुम्ही तिकडे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नाव एक आणि नावाचे दोघे. मी जितकी त्याला बोलावत होते, तितकी ती माझ्यापासून लांब जात होती.

मी तो शब्द गिळला. पुढची ओळ 'दादा' सोडून गायले. हे काकांनी नगाऱ्यावर तेवढी जागा रिकामी सोडली. त्यांच्याही लक्षात आलं होतं.

आणि त्या रिकाम्या जागेत...

समोरच्या सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "दादा."

तोंडपाठ होतं त्यांना! पोरवयापासून ऐकलेलं. बाई ओळ विसरली, तिला सांभाळून घेऊ, एवढंच त्या बिचाऱ्यांच्या मनात. मी दोन्ही बाह्या हलवून नको नको केलं. त्यांना वाटलं, काय अभिनय करतेय! बाहीनं डोळे पुसत पुढच्या ओळीला आणखी जोरात... "दादा!"

अख्खं सभागृह त्याला बोलावत होतं.

"श्वास सापडत नाही," डॉक्टर म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. हळू बोलला. ते जास्त वाईट होतं.

मी पहिल्या बाकड्याकडे पाहिलं. रिकामंच होतं. पण त्याच्या फळीवर पाणी होतं. कुणी ओल्या कपड्यांनी बसून उठावं, तसं.

मग थडगं दुभंगलं.

वीज कडाडायला हवी होती. नगारा वाजायला हवा होता. थडगं उघडायच्या दोऱ्या ओढणाऱ्या दोघी पडद्याच्या कडेला एकमेकींना मिठी मारून उभ्या होत्या. टिपरी हे काकांच्या मांडीवर होती.

थडग्याची दोन्ही झापं आपोआप उघडली... सावकाश. आत नुसता काळोख.

मी पळू शकले असते. घरी नवरा होता, पोरं होती. पण मी म्हटलं, जो कुणी आत आहे, त्याच्यापाशी माझी दादा आहे. ती दुसरीकडे कुठेच नाही.

मी उडी मारली.

आत हात चाचपला. एक हात हाती लागला. हुश्श झालं. मी म्हटलं, "आ-माओ, पंख दे लवकर."

पंख आले नाहीत.

हात गार होता. ओल्या मातीचा वास येत होता.

"आ-माओ?"

मागच्या झडपेवर बाहेरून धडाधड थापा पडल्या. "ताई! झडप उघडत नाहीये! मी बाहेरच आहे, ताई!"

माझ्या हातातला हात घट्ट झाला.

"धाकट्या," तो म्हणाला. "उशीर केलास."

काय सांगू, आवाज गोड होता. लबाड असता तर बरं झालं असतं. तो फक्त दमलेला होता.

"मी तुझी कुणी नाही," मी म्हणाले. "माझा नवरा चहाच्या गोदामात वजनकाट्यावर आहे. मला दोन पोरं आहेत. मी तुला बोलावलं नव्हतं."

"इतकी वर्षं बोलावतेयस. आज पहिल्यांदा मनापासून बोलावलंस."

"मी माझ्या दादाला बोलावलं!"

"मीच दादा."

"तिला सोड. तू जा ना. उडून जा. सगळे तुला तेच सांगतायत."

"एकटा कसा उडू?" तो म्हणाला. "दोघं लागतात."

बाहेर म्हाताऱ्या रडत होत्या. इतक्या जवळ होत्या आणि त्यांना काही माहीत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले. रंगमंचावर हजारदा बसलेय, पण त्या दिवशी मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हटलं, "पाया पडते. तिनं आयुष्यभर तुझं मरण मरून दाखवलंय. तिला तिचं स्वतःचं काही मिळालं नाही. घर नाही, नाव नाही. एवढी एक माझी मला दे."

त्याच्या बोटांची पकड जरा सैल झाली.

"मग तिला हाक मार," तो म्हणाला. "तिच्या नावानं. मी ओ देणार नाही."

नाव! तेच तर नव्हतं!

आणि ऐका पोरींनो, तेवढ्यात मला आठवलं. आम्ही लहान होतो तेव्हाचा एक हिवाळा. बाहेर बर्फ, दोघींत एकच गोधडी. झोप येईना तेव्हा ती माझ्या कानात कुजबुजली होती. घरचं नाव. आईनं ठेवलेलं. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती आणि मी इतकी वर्षं ते विसरूनच गेले होते.

मी छाती फुटेस्तोवर ओरडले.

"आ-पिंग! आ-पिंग, घरी ये गं!"

अगदी माझ्या कानाशी आवाज आला...

"ओ."

बाईचा आवाज. आणि माझ्या हातातला हात ऊन झाला.

पुढचं मला धड आठवत नाही. उजेड आठवतो. नगारा वाजत होता. मी पंख पसरून नाचत होते आणि शेजारी कुणीतरी होतं. पडदा पडला तेव्हा मी एकटीच होते. आ-माओ मागच्या झडपेपाशी उकिडवी बसलेली, दादाचे पंख तिच्या मांडीवर घडी केलेले.

थोरल्या आजोबांची बायको दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दुसरं फुलपाखरू काय हलकं नाचलं गं! पाऊल वाजलं नाही."

आणि पेट्यांवर दादानं डोळे उघडले होते. डॉक्टरच्या हाताला घाम सुटला होता. तो म्हणाला, नाडी अशी आली की कुणी दार लोटून आत यावं. डोली बांधून झाली होती, तिला खाली नेलं. चार महिने तालुक्याच्या दवाखान्यात होती. गाणं गेलं. जीव राहिला.

"मग त्यांचं पुढे काय झालं?" यिंग-लूनं विचारलं. आता तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

काय व्हायचं? माझा नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. ही काय, तुमच्या मागे ओट्यावर बसून बांबूचे कोंब सोलतेय. कान गेलेत, म्हणून तर हिच्यासमोर मोकळेपणी सांगते. त्या दिवसापासून मी तिला दादा म्हणायचं सोडलं. आ-पिंगच म्हणते. संध्याकाळी चुलीपाशी उभी राहून हाक मारते, "आ-पिंग, जेवायला चल!" लगेच "ओ" येते. कधी कधी मात्र ओ येते आणि ती बराच वेळ येत नाही... मी पाट मांडून बसून राहते. आता वय झालं, पाय ओढत यायचं, वेळ लागायचाच.

सोलायचा आवाज थांबला.

पोरी मागे वळल्या. मीही पाहिलं. तिनं सुरी खाली ठेवली होती आणि माझ्या ओठांकडे बघत होती.

"थापाडी आहेस तू, चिन-अर," ती म्हणाली. "मी तुला नाव कधी सांगितलंच नव्हतं. आ-पिंग माझं नाव नाही. भाताचा वास आला की मी आपली उठून येते... ओ मी कधीच दिली नाही."